पेन ड्राइव्ह खिशातच राहिला आणि ४२,३०० गेले

४२,३०० रुपये, जोडून घेतलेल्या एका कॉम्प्युटरचे. त्यातले १५,००० अॅडव्हान्स, २७,३०० मशीन उचलताना, दोन्ही यूपीआयने आणि दोन्ही वेळा दुकानाच्या खात्यात नाही, काउंटरवरच्या माणसाच्या स्वतःच्या नंबरवर. इथपर्यंत वाचूनच काही जण म्हणतील की पुढचं कळलं. म्हणा. मी पण दुसऱ्या कोणाचं वाचलं असतं तर हेच म्हणालो असतो.

पण एक सांगतो, मी काही अडाणी गिऱ्हाईक नाही. २००९ साली उबुंटू ९.०४ ची (उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार) सीडी फुकटात पोस्टाने यायची तेव्हापासून मी लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टिमवर आहे, ती सीडी अजून कपाटात आहे. नात्यातल्या निम्म्या लोकांचे लॅपटॉप मी लिनक्स टाकून जिवंत केलेत. कुठल्या दुकानातून काय घेऊ नये हे लोक मला फोन करून विचारतात. आणि तोच मी इंदूरच्या भर बाजारात असा कापला गेलो म्हणून जास्त झोंबतंय.

तर झालं असं. वडिलांच्या १४० कॅसेट आहेत. आमच्याकडे गुरुवारी भजन असायचं, त्याची रेकॉर्डिंग, गणपतीतली नाट्यगीतं, आजीच्या ओव्यासुद्धा आहेत दोन-तीन कॅसेटवर. टेप आता चिकटायला लागलेत, तेव्हा सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं, घरातले फोटोही त्यावरच आणि टीव्हीवर बघता येईल असं करायचं. म्हणजे रात्रंदिवस चालू राहणारी, आवाज न करणारी आणि टीव्हीखालच्या फळीवर मावणारी मशीन हवी. मिनी आयटीएक्स बोर्ड, म्हणजे छोटा मदरबोर्ड, १७ सेंटिमीटर बाय १७ सेंटिमीटरचा, त्याला साजेसा छोटा कॅबिनेट, त्यात डेबियन, तेही लिनक्सच. रेडीमेड मिनी पीसी का नाही घेतला असं विचारू नका, पुढेमागे पार्ट बदलता यावेत म्हणून, आणि खरं सांगायचं तर हौस म्हणून.

आता मिनी आयटीएक्स आपल्याकडे कोणी ठेवत नाही. आरएनटी मार्गावर चार दुकानं फिरलो, चारी ठिकाणी एकच, "भिया, माइक्रो ले लो, वही चलता है." मायक्रो एटीएक्स, म्हणजे त्याहून मोठा बोर्ड, माझ्या फळीवर मावत नाही हे त्यांना काय सांगणार. पाचव्या दुकानात काउंटरवरचा मुलगा मराठी निघाला. माझ्या फोनवरचं बोलणं ऐकून म्हणाला, "काका, तुम्ही मराठी का? आमची आजी स्नेहलतागंजची." झालं. तिथेच मी अर्धा विकला गेलो. चहा आला, कोण कुठल्या वाड्यातलं हे निघालं, आणि तो म्हणाला, "आपल्या माणसाला मी चुकीचं देणार का, काका?"

(जो स्वतःहून असं म्हणतो ना, त्याच्या दुकानातून चहा अर्धा सोडून उठा.)

हिशेब त्याने असा दिला: कॅबिनेट ४,२००, एच ६१० चिपसेटचा मिनी आयटीएक्स बोर्ड ९,८००, आय ५-१२४०० प्रोसेसर १४,५००, १६ जीबी रॅम ३,६००, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (साठवणीची डिस्क) ५,४००, छोटा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) ५,०००, जोडणी ५००. एकूण ४३,०००, त्यात ७०० रुपये "आपले म्हणून" कमी. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला की मग १८ टक्के वर लागतील. ४२,३०० वर ७,६१४ रुपये. मी ते वाचवले. हो, वाचवले. एक चिटोरं मिळालं, त्यावर "पीसी सेट १ नग, ४२,३००" आणि खाली शिक्का. मॉडेल नाही, सिरीयल नंबर नाही, काही नाही.

१८ मार्च २०२५, मंगळवार. दुसऱ्या दिवशी रंगपंचमी. संध्याकाळी सातला फोन, "काका, मशीन तयार आहे, आजच घेऊन जा, उद्या गेर आहे, दुकान बंद, परवा मी बाहेरगावी." इंदूरवाल्यांना सांगायला नको, गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी राजवाड्याच्या आसपास कोण दुकान उघडतं. मी स्कूटर काढून पळत गेलो.

आता तो क्षण. हा मी रोज रात्री आठवतो.

माझ्या शर्टाच्या खिशात डेबियन १२ लाइव्हचा पेन ड्राइव्ह होता, म्हणजे मशीनवर काही न टाकता पेन ड्राइव्हवरूनच चालणारं डेबियन. मुद्दाम नेला होता, दुकानातच लावून दोन मिनिटांत सगळं बघायचं म्हणून. मशीनवर विंडोज चालू होतं, मी म्हटलं जरा हा लावून बघतो. तो म्हणाला, "काका, याला सिक्युअर बूट आहे, लिनक्स नाही लागणार, आणि दुसरी सिस्टिम टाकली की आमची वॉरंटी जाते." अरे, सिक्युअर बूट म्हणजे सही असलेलीच सिस्टिम चालू होऊ देणारं कुलूप, आणि डेबियनला ते चालतं, डेबियन १० पासून चालतं, २०१९ पासून! हे मी स्वतः लोकांना समजावून सांगितलंय! समोरचा माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलतोय हे मला त्या सेकंदाला कळलं होतं, आणि मी काय विचार केला? की बिचाऱ्याला लिनक्सचं माहीत नसेल. वर त्याच्या हातून परत चहा घेतला. संकोच वाटला हो. आपल्या माणसापुढे पेन ड्राइव्ह काढून तपासणी कशी करायची, त्याला वाटेल आपला विश्वास नाही.

मग त्याने विंडोजमध्ये सिस्टिमची माहिती उघडून दाखवली, आय ५-१२४०० असं स्वच्छ लिहिलेलं. तिथे जे नाव दिसतं ते रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातून, येतं आणि मशीन चालू होताना एक छोटी स्क्रिप्ट तिथे हवं ते लिहू शकते, हे मला नंतर पुण्याच्या भाच्याने सांगितलं. टास्क मॅनेजर उघडून कोअर (प्रोसेसरचे आतले काम करणारे भाग) मोजले असते तरी चाललं असतं. बायोसच्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या) पहिल्या पानावर खरं नाव असतं, तेही नाही बघितलं. प्रोसेसरचा डबा मागितला तर "वॉरंटीसाठी आमच्याकडे राहू दे." अहो, वॉरंटी डब्यावरच्या नंबरवर असते म्हणून तर तो डबा आपल्याकडे हवा! हेही मला माहीत होतं. सगळंच माहीत होतं.

घरी येऊन जेवण न करता बसलो. बायोसमध्येही गेलो नाही, सरळ बूट मेनू, डेबियन, संपूर्ण डिस्क वापरा, एंटर. अर्ध्या तासात लागलं. सिक्युअर बूट काही आडवं आलं नाही, हे वेगळं सांगायला नको. साडेअकराला टर्मिनल उघडून सवयीने एलएससीपीयू मारलं, म्हणजे प्रोसेसरची माहिती सांगणारी कमांड.

आय ३-१२१००, म्हणजे खालचा, स्वस्तातला प्रोसेसर. चार कोअर, आठ थ्रेड. १२४०० ला सहा आणि बारा असतात.

आधी वाटलं डोळे दुखतायत. परत मारलं, तेच. मग स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) लावून एसएसडी बघितली. पॉवर ऑन अवर्स २१,६४०. म्हणजे नवीकोरी म्हणून दिलेली एसएसडी कुठेतरी अडीच वर्षं अखंड चालून आलेली. वापरलेलं आयुष्य ८८ टक्के. एसएमपीएस हातात घेतला तर इतका हलका की आत काही आहे की नाही शंका यावी. मदरबोर्ड तेवढा खरा निघाला, मिनी आयटीएक्समध्ये नकली त्यालाही सापडला नसावा.

आणि मग कळलं की मी काय करून बसलोय. खोटं नाव दाखवणारं ते विंडोज, तो एकमेव पुरावा, मी माझ्या हाताने पुसला होता. संपूर्ण डिस्क वापरा, एंटर. चोराच्या बोटांचे ठसे फडकं घेऊन साफ केले मी.

१९ तारखेला सगळं शहर रंगात आणि मी घरात स्क्रू ड्रायव्हर घेऊन. कूलर काढला, त्याखालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसली, प्रोसेसरच्या टोपीवर आय ३-१२१०० कोरलेलं आहेच. फोटो काढले. परत लावायला थर्मल पेस्ट घरात नव्हती आणि दुकानं बंद, म्हणून मशीन तशीच उघडी पडून राहिली. बायकोने एकदा डोकावून बघितलं आणि एवढंच म्हणाली, "एवढ्याशा डब्याचे बेचाळीस हजार?"

२० ला दुकानात गेलो. बाहेरगावी वगैरे कोणी गेलं नव्हतं. आता "काका" गेलं आणि "अंकल" आलं, मराठी गेली आणि हिंदी आली. "अंकल, मशीन आपने खोली, प्रोसेसर आपने बदला, विंडोज आपने उड़ाया, हम क्या करें?" चार गिऱ्हाइकांसमोर मलाच चोर ठरवला. घरी येऊन पाणी प्यायलो तेव्हा हात थरथरत होते.

मग सुरू झाल्या सरकारी चकरा. पहिल्यांदा थाना. तिथले साहेब चिटोरं उलटंपालटं करून म्हणाले, हा तर देण्याघेण्याचा मामला, आम्ही काय करणार. मी म्हटलं साहेब, फसवणूक आहे, आधी ४२० होतं ते आता न्यायसंहितेत ३१८ आहे. तर म्हणे कायदा आम्हाला शिकवू नका. आवेदन ठेवून घेतलं, पावती मागितली तर उद्या या. उद्या गेलो तर ते साहेब बंदोबस्ताला. परवा गेलो तर दुसरे साहेब, त्यांना पहिल्यापासून सगळं सांगा. त्यांनी विचारलं, "लिनक्स क्या होता है?" मी सांगितलं. तर म्हणाले, "तो जो विंडोज था वो चोरी का तो नहीं था? आपने चोरी का माल लिया क्या?" म्हणजे आता मीच आरोपी! सायबरच्या खिडकीवर गेलो तर म्हणे तुम्ही दुकानात स्वतः गेलात, पैसे स्वतः दिलेत, यात सायबर कुठे आलं. मी म्हटलं यूपीआयने दिले. तर म्हणे, कोणी ओटीपी विचारला का? नाही ना, मग. म्हणजे ओटीपी विचारून लुटलं असतं तर माझी दाद लागली असती. बँकेत गेलो तर तिथली मुलगी गोड बोलून म्हणाली की पेमेंट तुम्हीच केलंय सर, ते यशस्वी झालंय. यशस्वी झालंय हे मलाही दिसत होतं! एका हेल्पलाइनवर तक्रार टाकली, आठ दिवसांनी मेसेज आला की आपल्या तक्रारीचं निराकरण झालं. कोणी केलं, काय केलं, एक फोनसुद्धा नाही. सहा चकरा, तीन अर्ध्या रजा, आणि प्रत्येक खिडकीवरचा प्रश्न एकच, पक्कं बिल कुठे आहे. ७,६१४ रुपये.

मध्येच गुढीपाडव्याला त्या दुकानाचा व्हॉट्सअॅपवर शुभेच्छांचा मेसेज आला, मराठीत, जुना पीसी आणा आणि नवा न्या. मी फोन भिंतीवर मारणार होतो, पण तो फोन १८,००० चा आहे.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. हे आधीच करायला हवं होतं. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, वकील लागतोच असं नाही, ऑनलाइन भरता येते आणि दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. एक वकील ८,००० मागत होते, ११,००० च्या फसवणुकीला. (दोन प्रोसेसरच्या किमतीतला फरक ५,६०० आणि एसएसडीचे ५,४००. एसएमपीएस धरलाच नाही.) मीच लिहून काढली. यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सअॅपवर त्याने पाठवलेला हिशेब ज्यात आय ५-१२४०० स्पष्ट लिहिलंय, आणि कूलर काढल्याचे फोटो. तो व्हॉट्सअॅपवरचा हिशेब तेवढा माझ्याकडे राहिलाय, म्हणून म्हणतो दुकानदाराशी फोनवर ठरवू नका, लिहून मागवा. दुकानाचं नाव मला विचारू नका, केस चालू आहे.

आणि हो, लाइव्ह पेन ड्राइव्ह दुकानातच लावा, पैसे द्यायच्या आधी. एलएससीपीयू, स्मार्टसीटीएल, बस, दोन मिनिटं. तो नाही म्हणाला तर मशीन तिथेच ठेवून या, गेर असो की दिवाळी. घरी आणलीच असेल तर पुसायच्या आधी आतलं विंडोज चालू करून व्हिडिओ काढा किंवा डीडी कमांडने डिस्कची जशीच्या तशी प्रत घ्या, माझ्यासारखं एंटर मारू नका. कोणी स्वतःच्या नंबरवर पैसे मागितले तर दुकानाचा क्यूआर मागा. प्रोसेसर डब्यातून काढून बोर्डावर बसवताना समोर उभे राहा, लाजू नका. आणि ऑनलाइन कोणी खात्यातून पैसे उडवले असतील तर तिथे १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, तेव्हा मिनिटं महत्त्वाची असतात. माझं प्रकरण त्यातलं नव्हतं, हे मला सगळ्यांनी पुरेसं समजावलंय.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? कॅसेट उतरवायला आणि फोटो ठेवायला आय ३ पुरून उरतो. नवी एसएसडी टाकली ५,६५० ची, पेस्टचे २५० गेले, आणि मशीन आता टीव्हीखाली एकदम छान चालतेय, ६१ कॅसेट झाल्या. त्याने सरळ सांगितलं असतं की काका, तुमच्या कामाला आय ३ घ्या, तर मी तो आनंदाने घेतला असता आणि अजून चार गिऱ्हाइकं त्याच्याकडे पाठवली असती.

आयोगाची नोटीस गेल्यावर त्याचा फोन आला, परत "काका" म्हणून. ३,००० देतो, तक्रार मागे घ्या, आपल्याच माणसाला कोर्टात ओढता का. मी नाही म्हटलं. बायको म्हणते घ्यायला हवे होते. पहिल्या तारखेला तो आलाच नाही, मी दोन तास बाकावर बसून परत आलो, आणि आता पुढची तारीख दीड महिन्यानंतरची आहे.