स्कूबा इन्स्ट्रक्टर व्हायचंय: अंदमानात पूर्णवेळ की पुण्यात राहून शनिवार-रविवार?

चाळिशीत हिंजवडीचा कंटाळा आला की कुणाला शेती सुचते, कुणाला कॅफे, आणि एकदा अंदमानला जाऊन आलेल्यांना स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचा टँक बांधून पाण्याखाली जाणं. त्यांच्यापुढे रस्ते दोन: नोकरी सोडून स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, मुक्काम हलवायचा, नाहीतर पुण्यातच राहून इथल्या पोहण्याच्या तलावात शिकवायचं आणि समुद्रातल्या डाइव्हसाठी विद्यार्थ्यांना मालवणला न्यायचं. माझा कल दुसऱ्याकडे आहे. मात्र तो सोपा आहे असं समजू नका.

शिक्षण दोन्हीकडे सारखंच. 'पाडी' (PADI) या डायव्हिंगचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या पद्धतीत टप्पे असे: ओपन वॉटर, अ‍ॅडव्हान्स्ड, रेस्क्यू, डाइव्हमास्टर आणि मग इन्स्ट्रक्टर. इन्स्ट्रक्टर कोर्सला बसायला किमान 60 डाइव्ह, अंतिम परीक्षेला 100, शिवाय डॉक्टरांची सही. स्वराज द्वीपला राहून रोज दोन डाइव्ह केल्या तर हा आकडा भराभर गाठता येतो. पुण्याहून ये-जा करणाऱ्याचे दोन हंगाम सहज जातात, कारण पावसाळ्यात मालवण बंद.

खरा फरक कामात आहे. पर्यटनाच्या बेटावर तुमच्या वाट्याला मुख्यतः पहिल्यांदाच पाण्याखाली जाणारे येणार. हनिमूनचं जोडपं, पोहता न येणारे काका, व्हिडिओची घाई. एका हाताने त्यांचा टँक धरायचा आणि नजर त्यांच्या डोळ्यांवर ठेवायची. मासे बघायला तुम्हाला सवड नसते. पुण्यात गर्दी कमी, पण माणूस पूर्ण कोर्सला आलेला असतो. मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकाने फुंकून काढायचं, एवढ्याशा गोष्टीवर हुशार माणसंही अडतात. नाकात पाणी गेलं की तडक उसळी मारून वर. त्यांना न रागावता पुन्हा गुडघ्यावर बसवण्यात तास जातो. हे करायला आवडत असेल तरच इन्स्ट्रक्टर व्हा. नुसती समुद्राची ओढ असेल तर हौशी डायव्हर राहिलेलं बरं, खर्चही कमी.

शरीराचा हिशेबही मांडा. भरलेला अ‍ॅल्युमिनियमचा टँक सोळा-सतरा किलोचा. ओपन वॉटर कोर्समध्ये हवा संपल्याचं समजून, 'आऽऽ' करत हवा सोडत, सहा ते नऊ मीटरवरून एका दमात वर यायचा सराव असतो. विद्यार्थी तो एकेकदा करतो, इन्स्ट्रक्टर प्रत्येकासोबत. पाच जण असतील तर पाच वेळा खाली-वर. कान आणि सायनस कुरकुरणारे असतील तर हंगामभर रोज हे झेपत नाही. शनिवार-रविवारपुरतं कदाचित झेपेल.

पुण्याच्या रस्त्यात मात्र घाट आडवा येतो, आणि याचा विचार फार कमी लोक करतात. पुणे साधारण 560 मीटर उंचीवर. डाइव्हनंतर लगेच उंचावर जाणं विमानात बसण्याइतकं नसलं, तरी त्याच जातीचं धोक्याचं आहे. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेरचा दाब घटला की बुडबुडे करू शकतो. म्हणजे रविवारी दुपारी डाइव्ह आटोपून संध्याकाळी घाट चढायचा बेत बाद. शेवटची डाइव्ह शनिवारी, किंवा सोमवारची सुट्टी. ती ऑफिसात मागून बघा!

पैशांचं थोडक्यात. स्वराज द्वीपला पगार थोडा, वर कोर्समागे कमिशन, कधी राहायची सोय. गृहकर्ज आणि मुलांची फी चालू असलेल्या घराला ते पुरत नाही. पुण्यातून तलावाचं भाडं, गाडी आणि मालवणची बोट वजा केल्यावर हाती फार उरत नाही, पण पगार चालू असतो. पुण्यात स्वतंत्रपणे शिकवायचं असेल तर 'पाडी'कडे कल ठेवा. 'एसएसआय' (SSI) या तशाच दुसऱ्या संस्थेच्या इन्स्ट्रक्टरला त्यांच्या एखाद्या केंद्राशी जोडलेलं असावं लागतं. बेटावरच्या नोकरीत हा प्रश्नच येत नाही.

डाइव्हमास्टर होईपर्यंत राजीनामा देऊ नका. तिथवर दोन्ही वाटा एकच आहेत. मग साठलेली रजा काढून ऐन हंगामात महिनाभर कुणाच्या तरी हाताखाली राबा: टँक उचला, ओले सूट धुवा, बोटीवर उलट्या करणाऱ्यांना सांभाळा. चौथ्या आठवड्यातही घाबरलेल्या नवख्याशी शांतपणे बोलता येत असेल, तर इन्स्ट्रक्टर कोर्सचे पैसे भरा.