डहाणूकर कॉलनीतलं मेडिकल: सूट बेताची, हिशोब चोख

चार तारे. सूट बघून येणार असाल तर आधीच सांगते, दहा टक्के म्हणजे दहाच टक्के, घासाघीस करायची नाही. मी इथे जाते ती दुसऱ्या कारणासाठी.

मला दमा आहे. दम लागल्यावर ओढायचा सालब्युटामॉलचा पंप वेगळा, आणि सकाळ-संध्याकाळ न चुकता घ्यायचा फॉर्मोटेरॉल-ब्युडेसोनाइडचा वेगळा. पोळी-भाजीचे डबे देते, त्यामुळे फोडणीच्या ठसक्यापासून सुटका नाही आणि पंपापासूनही नाही. दुधाच्या बिलासारखा हा खर्च दर महिन्याला ठरलेला.

काउंटरवरच्या ताई स्वतः फार्मसिस्ट आहेत. सकाळ-संध्याकाळचं औषध पंपातही मिळतं आणि रोटाकॅपमध्येही, म्हणजे मशीनमध्ये घालून ओढायच्या पावडरच्या कॅप्सूलमध्ये. "यातला स्वस्त कुठला?" असं विचारलं तर किंमत सांगतच नाहीत. उलट विचारतात, "काकू, दिवसाला किती घेता?" मग कुठल्यातरी जुन्या बिलाच्या पाठीवर मांडामांड सुरू. पंपात 120 मात्रा. सकाळी दोन, रात्री दोन, म्हणजे 30 दिवस. रोटाकॅपच्या बाटलीत 30 कॅप्सूल. एक सकाळी, एक रात्री, म्हणजे पंधरवड्यात बाटली रिकामी. बाटलीवरची किंमत कमी दिसते खरी, पण महिन्याला दोन लागतात. ती दुप्पट करायची आणि मगच पंपाशी ताडून बघायची. माझ्यासारखी एका पोळीला कणीक किती पडते ते मोजणारी बाई, मला हे लगेच पटलं. रोटाकॅप स्वस्त पडल्या तरी परस्पर बदलायच्या नाहीत, हेही त्यांनी बजावलं. पावडर जोरात ओढावी लागते, पंपाला दाबणं आणि ओढणं एका वेळी जमावं लागतं. कुणाला काय झेपेल ते डॉक्टरांनी बघायचं.

दुसरी गोष्ट मला कुणीच कधी सांगितली नव्हती. फॉर्मोटेरॉल-ब्युडेसोनाइडचं हे मिश्रण 2022 च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. त्यामुळे त्याची कमाल किंमत एनपीपीए, म्हणजे औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची संस्था, ठरवते, आणि तीसुद्धा डब्याची नाही, एका मात्रेची. अशा औषधांवर दुकानदाराचं मार्जिन 16 टक्के धरलेलं असतं. आता मला सांगा, त्यातून दुकानदार 25 टक्के सूट कुठून देणार? आधी मी औषधं मागवायचे त्या ॲपवर मोठ्ठी सूट दिसायची, पण कूपन, ठरावीक रकमेची खरेदी आणि डिलिव्हरी धरली की बिल जिथल्या तिथे. शिवाय एकदा रोटाकॅप आल्या त्या वेगळ्याच कंपनीच्या, माझ्या मशीनमध्ये नीट बसेनात. परत घेताना त्यांनी जो काही छळ मांडला, तो इथे लिहीत बसत नाही.

कमाल किंमत एक असली तरी सगळ्या कंपन्या तिला जाऊन भिडलेल्या नसतात. तेच औषध, तीच ताकद, 6 आणि 200 मायक्रोग्रॅम, पण छापील किमतीत फरक. मात्र चिठ्ठीवर कंपनीचं नाव असेल तर ताई दुसरं हातात देत नाहीत, कायद्याने तशी मुभाच नाही. त्यांनी मला औषधाचं मूळ नाव आणि ताकद कागदावर लिहून दिली आणि डॉक्टरांकडे पिटाळलं. डॉक्टरांनी दोन मिनिटांत चिठ्ठी बदलून दिली. विचारलं म्हणून दिली, एवढंच.

जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा यांच्याकडे जुन्या छापील किमतीचा माल होता. बिल मात्र नव्या दराने झालं, मागावं लागलं नाही.

स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, घ्या म्हणून त्या मागे लागतात. मला वाटलं, आता गळ्यात मारणार. पण खर्च एकदाच होतो आणि औषध घशात बसण्याऐवजी छातीत उतरतं. साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच वाळत ठेवायचा. फडक्याने पुसला की आत विद्युतभार तयार होतो आणि औषध भिंतींनाच चिकटतं, म्हणजे पैसे प्लास्टिकला. औषध घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते. मात्रा मोजणारा आकडा असलेलाच पंप मागा. पंप पाण्यात तरंगवून किती उरलंय ते बघणारे अजून आहेत आमच्या सोसायटीत. त्यावरून काहीही कळत नाही.

आणि हे खास: "सरकारी जनऔषधी दुकानांच्या सुगम ॲपवर बघा, याहून स्वस्त मिळालं तर तिथून घ्या," असं याच दुकानात मला सांगितलं गेलं. गिऱ्हाईक घालवणारा सल्ला, पण दिला. पैसे वाचवायला एक वेळ गाळू का, यावर मात्र चक्क ओरडल्या. तीन महिने दमा आटोक्यात राहिला तर मात्रा कमी करता येईल का ते डॉक्टरांना विचारा, म्हणाल्या, स्वतः कात्री लावू नका.

एक तारा कापला तो वेळेसाठी. दुपारी एक ते साडेचार कुलूप. संध्याकाळी सातनंतर इतकी गर्दी की ताई मान वर करत नाहीत, हिशोब तर दूरच. गाडी लावायला जागा नाही. सकाळी दहा-साडेदहाला जा, चिठ्ठी आणि औषधाचा रिकामा डबा दोन्ही घेऊन. डबा बघितल्याशिवाय त्या ताकद मान्य करत नाहीत.