ओटीपी कुणालाही दिला नव्हता, तरीही

गेल्या महिन्याभरात एकच प्रश्न मला बँकेने, पोलिसांनी, बायकोने आणि सासऱ्यांनी विचारून झालाय, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो. नाही, ओटीपी कुणालाही दिला नव्हता. लॉटरी, पार्ट टाइम जॉब, अडकलेलं पार्सल, डिजिटल अरेस्ट, यातलंही काही नव्हतं. मला फक्त एका गेमबद्दल माझं मत विचारलं होतं. तेवढ्यावर मी गेलो.

मी ठाण्यात राहतो, नोकरी ऐरोलीला. वय ३९. स्ट्रॅटेजी गेमचा नाद कॉलेजात लागला, नौपाड्यातल्या एका सायबर कॅफेत तासाचे वीस रुपये मोजून. एज ऑफ एम्पायर्स टू. १९९९ चा गेम, पण लोक आजही खेळतात. २०२२ मध्ये त्याची 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' ही एक्स्पान्शन, म्हणजे मूळ गेमला जोडायची नवी भर, आली आणि एकट्या 'इंडियन्स'च्या जागी हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड अशा चार सिव्ह (आपण ज्यांच्या बाजूने खेळतो त्या संस्कृती) झाल्या, त्या दिवशी मी ऑफिसला ताप आल्याचं कळवलं होतं. एक्स्पान्शन म्हणजे नुसते नवे नकाशे नसतात. कुठली फौज कुणाला भारी पडते, आधी लाकूड तोडायचं की सोनं खणायचं, सगळी गणितं नव्याने मांडावी लागतात. तोल जरा चुकला की सगळे एकच सिव्ह घेऊन खेळायला लागतात आणि मजा जाते. म्हणून ती विक्रीला येण्याआधी कंपन्या मुरलेल्या खेळाडूंना खेळायला देतात आणि चुका काढून घेतात. हीच बीटा टेस्टिंग. पैसे सहसा मिळत नाहीत, लोक हौसेने करतात.

माझ्या बाबतीत घडलं ते दुसऱ्याच एका गेमच्या नावावर. त्याचं नाव लिहीत नाही, कारण ज्या कंपनीचं नाव वापरलं तिला बिचारीला याचा पत्ताही नसेल.

एका मंगळवारी रात्री डिस्कॉर्डवर, म्हणजे गेमर लोकांच्या चॅट ॲपवर, पुण्याच्या मित्राचा मेसेज आला. चार वर्षं आम्ही दर शनिवारी रात्री एकत्र खेळतो. 'नव्या एक्स्पान्शनच्या क्लोज्ड बीटासाठी अनुभवी खेळाडू स्वयंसेवक म्हणून हवे आहेत, माझी निवड झाली आहे, तुझं नाव सुचवलंय, हा फॉर्म भर.' आता हा माणूस एरवी मला 'येतोस का', 'बस पाचच मिनिटं', 'जेवतोय' असे मेसेज करतो. पूर्णविराम त्याने आयुष्यात वापरला नसेल. आणि हा मेसेज नीटनेटक्या इंग्रजीत, स्वल्पविराम जागच्या जागी. ते माझ्या लक्षात आलं होतं, हे कबूल करतो. म्हटलं, आलेला मेसेज पुढे ढकलला असेल.

फॉर्म मात्र झकास होता. किती तास खेळलात, कुठली सिव्ह आवडते, कॉम्प्युटर विरुद्ध खेळताना काय खटकतं. खटकतं काय म्हणता! त्या गेममध्ये फौज मोठी झाली की अर्धे सैनिक वेशीच्या दरवाजात अडकून गोल गोल फिरत बसतात. यावर मी दोन वर्षं घरी, दारी, लोकलमध्ये बोलतोय आणि कुणीही ऐकून घेत नाही. मी चाळीस मिनिटं बसून लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दिघा गाव आणि ऐरोलीच्या मध्ये गाडीत असताना उत्तर आलं. कुणी 'टेस्ट कोऑर्डिनेटर' होता. तुमचा वेशीच्या दरवाजाचा मुद्दा आमच्या टीमला फार महत्त्वाचा वाटला, असं त्याने लिहिलं होतं. हल्ली असं उत्तर एआयकडून दोन सेकंदांत लिहून घेता येतं, हे आज सुचतं. त्या वेळी कुणाची तरी बॅग माझ्या बरगडीत रुतली होती आणि मी एकटाच हसत होतो.

मग आला गोपनीयतेचा करार. नाव, पत्ता, ओळखीसाठी पॅन कार्डाचा फोटो. आणि एक कलम: या टेस्टिंगबद्दल घरच्यांसह कुणाशीही बोलायचं नाही, बोललात तर नाव कमी होईल. मला वाटलं, मोठ्या कंपन्यांचं असंच असतं, आणि ते खरंही आहे. पण या कलमाचं काम वेगळंच होतं. माझा भाचा कळव्याला राहतो, सायबर सिक्युरिटीत आहे. प्रिंटर चालला नाही तरी मी त्याला फोन करतो. या वेळी केला नाही, कारण मी सही केली होती! एक फोन केला असता तर पुढचं काहीच झालं नसतं, आणि तो फोन होऊ नये याचीच त्यांनी आधी सोय केली होती.

गुरुवारी रात्री फाइल आली. १९ एमबीची झिप, पासवर्ड वेगळ्या मेसेजमध्ये. उघडल्यावर ती ७६० एमबीची झाली. मला वाटलं, वा, काय दाबून बसवलीय. भाच्याने नंतर सांगितलं, "मामा, आत नुसती शून्यं भरलीत." शून्यं दाबली की शून्यच उरतात, म्हणून झिप एवढीशी. आणि फुगवायचं कारण असं की फाइल संशयास्पद आहे का हे तपासून देणाऱ्या व्हायरसटोटलसारख्या साइटवर ६५० एमबीपेक्षा मोठी फाइल चढवताच येत नाही. पासवर्डही त्यासाठीच, बंद झिपच्या आत काय आहे ते वाटेतल्या तपासणीला दिसत नाही.

चालवायला गेलो तर अँटिव्हायरसने लाल पट्टी दाखवून अडवलं. कोऑर्डिनेटर ऑनलाइनच होता. ही कच्ची बिल्ड, म्हणजे गेमची अपुरी आवृत्ती आहे, अजून डिजिटल सही झालेली नाही, म्हणून खोटा इशारा येतोय, दहा मिनिटं संरक्षण बंद ठेवा. आणि मी, जो वडिलांना दर रविवारी फोनवर 'कुठल्याही लिंकला हात लावू नका' असं बजावतो, त्याने ते बंद केलं.

गेमचं चित्र असलेली एक खिडकी उघडली. हिरवी पट्टी सरकत सरकत अर्ध्यावर आली आणि थांबली. मग 'आवश्यक फाइल सापडली नाही' अशी सूचना येऊन सगळं बंद. तेवढ्या वेळात त्यांचं काम झालेलं होतं.

मी काय केलं असेल? बग रिपोर्ट लिहिला. रात्री पाऊण वाजता. विंडोजची आवृत्ती, ग्राफिक्स ड्रायव्हर, कितव्या पायरीला अडकलं, पुन्हा करून पाहिल्यावर काय झालं (हो, मी ती पुन्हा चालवली), सगळं तपशीलवार. शेवटी 'तीव्रता' असा रकाना होता. मी 'किरकोळ' निवडलं. कोऑर्डिनेटरने आभार मानले.

सकाळी ठाण्याच्या फलाटावर उभा असताना फोन थरथरायला लागला तो थांबेचना. स्टीमचा, म्हणजे जिथे माझे विकत घेतलेले सगळे गेम असतात त्या खात्याचा, पासवर्ड बदलला. डिस्कॉर्डचा ईमेल बदलला. आणि क्रेडिट कार्डावर परदेशातल्या कुठल्याशा साइटवर लागोपाठ तीन खरेद्या, मिळून ४१,७०० रुपये. गिफ्ट कार्डं. ओटीपी एकदाही आला नाही. बाहेरच्या बऱ्याच साइट तो मागतच नाहीत आणि कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर मी कधीकाळी एक गेम घ्यायला चालू केला होता, तो तसाच राहिला होता. बँकेच्या ॲपमध्ये त्याचं बटण असतं. माझं आता बंद आहे.

पण टू फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी तपासणी, असताना खाती गेली कशी? एकदा लॉगइन केलं की ब्राउझर एक चिठ्ठी जपून ठेवतो: हा माणूस तपासून आत घेतलेला आहे, पुन्हा विचारू नका. म्हणून तर आपल्याला रोज रोज पासवर्ड टाकावा लागत नाही. त्या फाइलने ब्राउझरमधल्या अशा सगळ्या चिठ्ठ्या उचलल्या, आणि सेव्ह करून ठेवलेले पासवर्ड आणि कार्डंही. चिठ्ठी दाखवणाऱ्याला ओटीपी कोण विचारणार?

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन फलाटावरूनच लावला. कार्ड बंद केलं. चौथ्या खरेदीचा प्रयत्न त्यानंतर चार मिनिटांनी झाला, तो फेटाळला गेला. ऑफिसला पोचेपर्यंत फोनवरून पासवर्ड बदलले, जीमेल परत मिळालं, जरा हायसं वाटलं. रात्री घरी येऊन त्याच लॅपटॉपवर नव्या पासवर्डने लॉगइन केलं आणि अर्ध्या तासात सगळं पुन्हा गेलं. लॅपटॉपमध्ये ते बसलेलेच होते. विंडोज पुसून नव्याने टाकेपर्यंत त्या मशीनवर काहीही करण्यात अर्थ नव्हता. नुसता पासवर्ड बदलूनही भागत नाही, 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' करावं लागतं, नाहीतर जुन्या चिठ्ठ्या चालूच राहतात.

सायबर पोलिसांकडे गेलो तिथे एक पीएसआय मॅडम होत्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, डिस्कॉर्डचे स्क्रीनशॉट मागितले. मी ते काढले नव्हते आणि तोवर समोरच्याने मेसेज उडवले होते. "साहेब, आधी फोटो काढायचा, मग घाबरायचं," त्या म्हणाल्या. बँकेचं म्हणणं वेगळं आहे. चूक ना ग्राहकाची ना बँकेची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं. पण ग्राहकाच्या हलगर्जीपणाने झालं असेल तर कळवण्याआधीचं नुकसान त्याचंच. अँटिव्हायरस मी स्वतः बंद केला, हे मीच तक्रारीत लिहून दिलंय. एका खरेदीचे पैसे दुकानदाराकडून परत आले, बाकी दोन वादात आहेत. पॅनचा फोटो तर गेलाच. माझ्या नावावर कुणी कर्ज काढलं नाही ना, हे आता सिबिलवर पाहत असतो. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांकडून, म्हणजे सिबिल आणि तिच्यासारख्या इतरांकडून, प्रत्येकी वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो.

पैशांचं एक वेळ सोडा. माझ्या डिस्कॉर्डवरून तोच मेसेज साठ-सत्तर जणांना गेला. तोच, स्वल्पविरामांसकट. त्यात आमच्या सोसायटीच्या बी विंगमधला एक मुलगा होता, सोळा वर्षांचा, अकरावीतला. गेम मीच शिकवला त्याला. त्याने फाइल उघडली आणि त्याचंही खातं गेलं. पाच वर्षं पॉकेट मनी साठवून घेतलेले गेम होते त्या खात्यात. लिफ्टजवळ भेटला तेव्हा चिडला वगैरे नव्हता. "काका, तुमच्याकडून आलं म्हणून उघडलं," एवढंच म्हणाला. त्याच्या आईने त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाळलं, ते बरोबरच होतं.

पुण्याच्या मित्राचं खातं माझ्याआधी तीन दिवस गेलं होतं. तो मला कळवायला धडपडत होता, पण कळवणार कुठे? चार वर्षांत आम्ही एकमेकांचा फोन नंबरच घेतला नव्हता.

खरी टेस्टिंग कशी चालते हे मी नंतर बसून पाहिलं, आधी पाहायला हवं होतं. स्टीमवर प्लेटेस्ट, म्हणजे विक्रीआधीची चाचणी, असेल तर गेमच्या स्वतःच्या पानावर प्रवेश मागायचं बटण असतं, फुकट, आणि मंजुरी मिळाली की गेम थेट आपल्या लायब्ररीत येतो. आधीच घेतलेल्या गेमची बीटा असेल तर लायब्ररीत त्याच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'बीटाज' हा भाग असतो, कोड तिथे टाकायचा. स्टीमची की, म्हणजे गेम मिळवायचा कोड, स्टीममध्येच टाकतात. यात झिप पाठवणारा, पासवर्ड सांगणारा आणि अँटिव्हायरस बंद करायला लावणारा माणूस कुठेच येत नाही. मित्राने बोलावलं तर त्याला आवाजी कॉल लावा. चोराला टाइप करणं सोपं असतं, त्याच्यासारख्या आवाजात गप्पा मारणं अवघड.

गेल्या महिन्यात माझ्या खात्यावरून तुम्हाला बीटाचं निमंत्रण आलं असेल तर ते मी पाठवलेलं नाही. फाइल उघडली असेल तर आधी वायफाय बंद करा, त्या मशीनवरून नव्हे, फोनवरून पासवर्ड बदला, कार्ड बंद करा, १९३० ला लावा. मेसेजचे फोटो उडायच्या आत काढा. त्या मुलाच्या खात्यासाठी आम्ही दोघांनी मिळून सपोर्टला लिहिलंय, जुन्या खरेदीच्या पावत्या जोडून. पावत्या त्याच्या आईच्या ईमेलमध्ये होत्या, त्या काढून देताना त्या पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. उत्तर अजून आलेलं नाही.