गाइडसोबत जर्मनीतली जुनी गावं आणि जंगल: आठ महिन्यांतल्या आठ सहलींनंतरचा अनुभव

मार्च ते ऑक्टोबर या आठ महिन्यांत मी स्टुटगार्टहून गाइडसोबतच्या आठ एकदिवसीय सहली केल्या. पाच एका बस कंपनीच्या, तीन स्थानिक गाइडबरोबर पायी. त्यातल्या चार सहलींना आई-बाबा बरोबर होते. ते साताऱ्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते. पहिली सहल झाल्या झाल्या लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक केलं असतं. आता मत बरंच बदललंय. उन्हाळ्यात आई-वडिलांना इकडे बोलावणारे बरेच जण अशाच सहली बुक करतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात जिच्यावर सगळ्यात जास्त पैसे गेले त्या सहलीपासून. रोटेनबुर्ग, डिंकल्सब्यूल आणि नोर्डलिंगन, तीन मध्ययुगीन गावं एका दिवसात. माणशी ८९ युरो, म्हणजे आम्हा तिघांचे २६७. सकाळी आठला बस सुटली, हायवेवर अपघात झालेला, तासभर तिथेच अडकलो. त्यात कुणाचाच दोष नाही. पण बसच्या सहलींचं एक गणित असतं ते तेव्हा कळलं. युरोपात ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते आणि दिवसभराच्या तासांनाही मर्यादा असते. नियम चांगलाच आहे. पण त्यामुळे रस्त्यात गेलेला तास भरून निघतो तो गावातल्या वेळेतून. रोटेनबुर्गचे तीन तास दोनावर आले, डिंकल्सब्यूलला खाली उतरून फोटो, नोर्डलिंगनला ३५ मिनिटं.

रोटेनबुर्गच्या त्या दोन तासांतही गाइड प्रत्येक वाक्य आधी जर्मनमध्ये आणि मग इंग्रजीत सांगत होता, म्हणजे ऐकायला मिळालं निम्मंच. वर २० मिनिटं एका ख्रिसमसच्या वस्तूंच्या दुकानात गेली. मी नंतर कंपनीला मेल केला, उत्तर आलं, पुढच्या सहलीवर दहा टक्के सूट मिळाली. दुकानाबद्दल मात्र एक ओळही नव्हती. बुकिंग करताना 'दोन भाषांत' असं लिहिलेलं दिसलं तर वेळ निम्मी धरा. इंग्रजीची वेगळी तुकडी असेल तर दहा युरो जास्त गेले तरी तीच घ्या.

गाव सुंदर आहे यात वाद नाही. शेवटच्या अर्ध्या तासात आम्ही तिघं गटातून बाजूला झालो आणि तटावर चढलो. वरून छपराखालची लाकडी वाट जाते. भिंतीत ठिकठिकाणी नावं कोरलेल्या पाट्या बसवल्यात, त्यात जपानी नावंही बरीच. ३१ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गावाचा मोठा भाग आणि तटाचाही बराच भाग पडला. पुढे जगभरातल्या लोकांनी पैसे दिले, त्यातून तो पुन्हा उभा राहिला. ज्यांनी दिले त्यांची ही नावं. बाबा एकेका पाटीवरून हात फिरवत चालले होते. "हे आपल्या किल्ल्यांचं होईल का गं?" म्हणाले. त्या अर्ध्या तासात गाइड बरोबर नव्हता आणि त्याची गरजही वाटली नाही. रोटेनबुर्ग डोळ्यांना आपसूक दिसतं. लाकडी चौकटींची घरं, वेशी, संत याकोबच्या चर्चमधली रीमेनश्नायडर या शिल्पकाराने लाकडात कोरलेली वेदी, सगळं समोरच असतं. अशा गावात मी आता एकटीच जाते.

खरं वाईट वाटलं ते नोर्डलिंगनचं. त्या ३५ मिनिटांत आम्ही आइस्क्रीम खाल्लं, चौकातल्या चर्चचे फोटो काढले आणि बसमध्ये बसलो. घरी आल्यावर बाबांनी सहज वाचलं तेव्हा कळलं की आम्ही एका उल्काविवराच्या पोटात उभे होतो. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी किलोमीटरभर आकाराचा लघुग्रह इथे आदळला आणि जवळजवळ २५ किलोमीटर व्यासाचं विवर तयार झालं. नोर्डलिंगन त्या विवरात वसलंय. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे हे किती मोठं ते बघा! गाइड त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. बाबा भूगोलाचे शिक्षक होते. लोणारला तीनदा मुलांची सहल घेऊन गेलेले. त्यांना रात्री झोप लागेना.

म्हणून दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो, स्वतःहून, रेल्वेने. आलेनला गाडी बदलायची, दोनेक तास लागतात. महिन्याचं जर्मनीभर चालणारं लोकल गाड्यांचं तिकीट माझ्याकडे होतंच. ते २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं, नंतर महाग झालं, तरी अशा दोन-तीन फेऱ्यांत सहज वसूल होतं. तिथे गावच्या पर्यटन कार्यालयाची पायी फेरी घेतली. बसच्या सहलीच्या तुलनेत तिला लागले ते पैसे किरकोळच.

गाइड सत्तरीच्या आजी. त्यांनी पहिल्यांदा आम्हाला चर्चच्या भिंतीशी अगदी नाक लावून उभं केलं. लांबून करडा-हिरवट साधा दगड वाटतो. जवळून बघितलं तर त्यात काळपट, काचेसारखे ठिपके, कुठे पांढरट तुकडे, कुठे बारीक भोकं, सगळं घाईत कालवल्यासारखं. हा सुएव्हाइट. उल्का आदळली त्या क्षणी वितळलेला, फुटलेला आणि परत घट्ट झालेला खडक. पंधराव्या शतकात लोकांना काहीच ठाऊक नव्हतं. जवळ मिळतो, घडवायला बरा, म्हणून त्यांनी त्यातून अख्खं चर्च बांधलं. या खडकात सूक्ष्म हिरेही आहेत, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. आजी म्हणाल्या, फार पूर्वीपासून विद्वान मंडळी हे ज्वालामुखीचं काम आहे असंच सांगत होती. मग १९६० मध्ये यूजीन शूमेकर हे अमेरिकी भूवैज्ञानिक इथे आले, इथल्या दगडात कोएसाइट नावाचं खनिज सापडलं आणि प्रश्न मिटला. कारण ते प्रचंड दाबाखालीच बनतं, ज्वालामुखीतून असं वर येत नाही. बाबा उडालेच. लोणारलाही कित्येक वर्षं ज्वालामुखीचंच विवर म्हणत होते. त्यांनी आजींना लोणार सांगायला सुरुवात केली, मी मध्ये बसून मराठीचं जर्मन करत होते. दीड तासाची फेरी सव्वादोन तास चालली आणि आजींनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

त्यानंतर चर्चच्या डॅनियल मनोऱ्यावर चढलो. उंची ९० मीटर, पायऱ्या ३५०, लिफ्ट नाही. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती खालीच चौकात थांबली. वरून बघितलं की विवर खरोखर दिसतं. मध्ये सपाट शेतं, आणि लांबवर चारी बाजूंनी झाडीच्या टेकड्यांचं कडं. आजींनी आधी सांगितलं नसतं तर त्या नुसत्या टेकड्या वाटल्या असत्या. चंद्रावर जाणाऱ्या अपोलोच्या अंतराळवीरांना १९७० मध्ये दगड ओळखायचं शिक्षण देण्यासाठी याच भागात आणलं होतं. गावातल्या विवर-संग्रहालयात चंद्रावरचा दगडही ठेवलाय. संग्रहालयाला एक तास वेगळा काढा, आणि सोमवारी जाऊ नका. इकडे बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

गाइडसाठी पैसे कुठे मोजायचे ते मला नोर्डलिंगननंतर कळलं. हायडेलबर्गच्या सहलीत तेच पुन्हा जाणवलं. किल्ला, जुना पूल, नेकार नदीचं पात्र, तळघरातलं दोन लाख लिटरहून मोठं वाइनचं पिंप, हे सगळं नकाशा हातात घेऊन होतं. मला तिथे हवं होतं ते वेगळं. ग्युंटर सोन्थायमर याच विद्यापीठात शिकवायचे. खंडोबा, बिरोबा, म्हसकोबा आणि धनगरांच्या ओव्यांवर त्यांनी आयुष्य घातलं, १९९२ मध्ये ते गेले. गाइडला ते नाव माहीत नव्हतं. पण मी सांगितल्यावर त्याने वहीत लिहून घेतलं. जाणाऱ्या मराठी माणसांनी हे नाव तिथे जरूर घ्यावं.

गुटाखच्या सहलीबद्दल थोडक्यात. ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ जंगलपट्ट्यातली जुनी शेतघरं एकत्र मांडलेलं खुलं संग्रहालय आहे, मुख्य घर १६१२ सालचं. माणसं, गुरं, चारा एकाच मोठ्या उतरत्या छपराखाली. स्वयंपाकघराला धुराडं नाही. धूर घरभर फिरायचा, वर टांगलेलं मांस टिकायचं आणि लाकडाला कीड लागायची नाही. तिथली लाल गोंड्यांची प्रसिद्ध टोपी लग्न न झालेल्या मुलींची, लग्न झालं की गोंडे काळे. आई लगेच म्हणाली, "म्हणजे मंगळसूत्राचंच काम की." हीच सहल पुढे ट्रिबर्गच्या धबधब्याला आणि ककू घड्याळांच्या दुकानात जाते. ते ठीक. मुलं बरोबर असतील तर आवडेल.

आणि आता जंगल. इथे मात्र गाइडशिवाय जाऊ नका. लोक नेमकं उलटं करतात, गावात गाइड घेतात आणि जंगलात 'नुसतं चालायचंय' म्हणून स्वतःच जातात. मीही मे महिन्यात बसच्या सहलीने मुमेलझे तळ्यापर्यंत जाऊन आले होते. झाडं पाहिली, केक खाल्ला, परतले. काय पाहिलं असं कुणी विचारलं असतं तर हिरवं एवढंच सांगता आलं असतं. जूनच्या शेवटी आई-बाबांना घेऊन रूहश्टाइनला गेले, तिथे श्वार्त्सवाल्ड म्हणजे ब्लॅक फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानाचं केंद्र आहे. उद्यानाच्याच रेंजरबाईंबरोबर आधी नाव नोंदवून तीन तासांची फेरी केली.

त्यांनी दोन फांद्या हातात दिल्या. डोळे मिटून दाबा म्हणाल्या. एक टोचते, एक टोचत नाही. टोचते ती फिश्टे म्हणजे स्प्रूस, मऊ ती टाने म्हणजे फर, आणि लहान मुलांना शिकवायचं यमक आहे, "फिश्टे श्टिश्ट, टाने निश्ट." फरच्या पानामागे दोन पांढऱ्या रेघा असतात. तिची शंकूफळं फांदीवर ताठ उभी, स्प्रूसची खाली लोंबणारी. दहा मिनिटांपूर्वी जे एकसारखं हिरवं होतं त्यात मला दोन झाडं वेगळी दिसायला लागली. मग त्यांनी सांगितलं की या डोंगरावरची जुनी झाडं जहाजांसाठी आणि भट्ट्यांसाठी तोडली गेली, ओंडके तराफे बांधून ऱ्हाइनवरून पार हॉलंडला गेले. उघड्या पडलेल्या डोंगरांवर भराभर वाढतात म्हणून स्प्रूसच लावली. फरचं मूळ खोल जातं, स्प्रूसची मुळं ताटासारखी वरच्यावर पसरतात. २६ डिसेंबर १९९९ ला लोथार वादळ आलं आणि ही स्प्रूसची राईच्या राई आडवी झाली.

त्या पडझडीतला एक तुकडा मुद्दाम तसाच ठेवलाय. त्यातून आठशे मीटरची वाट जाते, लाकडी पायऱ्या, शिड्या, फळ्या. आई अर्ध्यातून परतली, गुडघे दुखत असतील तर नकोच. उपटलेल्या मुळांच्या चकत्या अजून भिंतीसारख्या उभ्या आहेत आणि त्यांच्या आडोशाला नवी झाडं वाढलीत, कुणी न लावता. एका मेलेल्या झाडाखाली पडलेला सालीचा तुकडा रेंजरबाईंनी उलटा करून बाबांच्या हातात ठेवला. आतून कोरलेली नक्षी होती. मध्ये एक उभी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना आडव्या बारीक रेघा, टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या. उभी रेघ मादी भुंगेऱ्याने अंडी घालत केलेली, आडव्या रेघा अळ्यांनी खात खात केलेल्या. अळी मोठी होते तशी रेघ रुंदावते. या भुंगेऱ्याला जर्मनमध्ये 'पुस्तक छापणारा' म्हणतात. बाबा तो तुकडा किती तरी वेळ बघत होते. नंतर जिथून उचलला तिथेच ठेवला, उद्यानातून काही नेता येत नाही.

उद्यानाच्या आत झाडाला भुंगेरा लागला तरी ते तोडत नाहीत. मात्र कडेने किमान अर्ध्या किलोमीटरचा पट्टा आहे, तिथे लागण झालेली झाडं काढतात, म्हणजे शेजारच्या लोकांच्या जंगलाला त्रास नको. उद्यान २०१४ मध्ये झालं. आदल्या वर्षी आसपासच्या गावांनी मतदान केलं तेव्हा बहुतेक लोक विरोधातच होते, हेही बाईंनी काही न लपवता सांगितलं. बाबा म्हणाले, "देवराईच आहे ही. फक्त देव नाही." मी ते भाषांतर करून सांगितलं आणि देवराई म्हणजे काय ते समजावलं. बाई थांबल्या, देवराईत वाळलेलं लाकूडसुद्धा उचलत नाहीत का, असं विचारलं. बाबा म्हणाले, आमच्याकडे पूर्वी नव्हते उचलत.

काही व्यवहाराच्या गोष्टी. वर हजार मीटरवर जूनमध्येही गारठा असतो, आईला स्वेटर लागला. पायांत घोट्यापर्यंतचे बूट आणि लांब पँट हवी, कारण गवतात गोचीड असतात आणि त्यातून आजार पसरतात. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत नीट बघा. जुन्या गावांत दगडी फरसबंदी असते, चपलांनी आईचे पाय सुजले होते. हायवेवरच्या स्वच्छतागृहाला १ युरो लागतो, सुटी नाणी वेगळी ठेवा. शाकाहारींनी केझ-श्पेत्झ्ले (चीज घातलेल्या जाड शेवया) मागावं आणि वर मांसाचे तुकडे नकोत हे आधी सांगावं. ब्लॅक फॉरेस्ट केकमध्ये इथे चेरीची दारू घालतातच, कधी जिलेटिनही असतं, विचारून घ्या. आई प्रत्येक सहलीला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यायची. रेंजरबाईंनी चटणी दोनदा मागून घेतली. वेळेच्या बाबतीत सवलत नाही. सुटायची वेळ साडेचार असेल तर चार पस्तीसला बस गेलेली असते.

बस कंपनीला मी पाचपैकी अडीच देईन. ज्यांना रेल्वेची धडपड झेपत नाही त्यांनी एकाच गावाची सहल निवडली तर साडेतीन. नोर्डलिंगनच्या आजी आणि रूहश्टाइनच्या बाई, दोघींना पूर्ण पाच.

आई-बाबा जुलैत परत गेले. बाबांनी फेब्रुवारीत लोणारला जायचं ठरवलंय, जुन्या शाळेतले चार शिक्षक बरोबर आहेत. विवरात उतरणारा तिथलाच एक वाटाड्या त्यांनी आत्ताच फोन करून पक्का केलाय, आणि सुएव्हाइटचे माझ्या फोनमधले सगळे फोटो मागवून घेतलेत.