लष्करातील चिलमींचे दुकान: भाजणी उत्तम, बुडाचे माप बेभरवशाचे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्यावरून आत शिरणाऱ्या एका गल्लीत पाटी नसलेले एक कुंभाराचे दुकान आहे. माठ, सुरया आणि कुंड्या दाराबाहेर रचलेल्या असतात. हुक्क्याच्या चिलमी मात्र आतल्या फळीवर गवताच्या थरात ठेवलेल्या असतात आणि विचारल्याखेरीज कोणी त्या दाखवत नाही. मध्य प्रदेशात हुक्का बारांवर कायद्याने बंदी असली, तरी आसपासच्या गावांत पारावर आणि ओसरीवर हुक्का अजून फिरतो, आणि जुन्या वाड्यांतूनही एखादी गुडगुडी वापरात असते. अशा घरगुती वापरासाठी हाताने घडवलेली चिलीम घ्यायची असेल, तर हे दुकान पाहण्यासारखे आहे, मात्र काही गोष्टी स्वतः तपासून घेण्याची तयारी ठेवावी.

चिलमीची रचना वरवर साधी असते. रुंद तोंडात गुडाखू, म्हणजे गुळात मळलेला तंबाखू, त्यावर मातीचा तवा, तव्यावर निखारे, आणि निमुळत्या बुडातून धूर खाली नैच्यात, म्हणजे हुक्क्याच्या नळीत, उतरतो. परंतु निखाऱ्याची धग तंबाखूपर्यंत किती वेगाने पोहोचावी आणि किती वेळ टिकावी, हे सर्वस्वी भिंतीची जाडी आणि मातीची भाजणी ठरवते. धातू चटकन तापतो, गूळ करपतो आणि धूर कडवट होतो. माती उष्णता सावकाश घेते आणि सावकाशच सोडते. म्हणून तोंडाची कड सगळीकडे सारख्या जाडीची आहे ना, हे प्रथम बोटांनी चाचपून पाहावे. एका बाजूला पातळ राहिलेली चिलीम त्याच बाजूने गुडाखू जाळते आणि दुसऱ्या बाजूचा तसाच कच्चा ठेवते. चिलीम सपाट फरशीवर उपडी ठेवून पाहिल्यास कडेतली उंचसखल जागा लगेच कळते. तिथे तवा नीट बसत नाही आणि ओढताना फटीतून नुसती हवा येते.

या दुकानाचे खरे कसब भाजणीत दिसते. आवा, म्हणजे कुंभाराची भट्टी, गोवऱ्यांवर लागतो. अशा उघड्या भाजणीत माती साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापते, आणि तेवढ्या आचेत ती पक्की होते पण तिची सूक्ष्म छिद्रे बुजत नाहीत. ही सच्छिद्रता चिलमीला हवीच असते, कारण आतून तापलेली आणि बाहेरून गार अशी ओढाताण दाट, काचेसारख्या झालेल्या मातीपेक्षा सच्छिद्र माती अधिक सोसते. भाजणी कमी पडलेली चिलीम बोटाच्या पेराने वाजवली तर बद्द आवाज येतो, चांगली भाजलेली खणखणते. तडा असला तरी आवाज बद्दच येतो, त्यामुळे एवढ्यावर थांबू नये. इथला दुकानदार पाण्याचे पातेले जवळच ठेवतो आणि प्रत्येक चिलीम आपल्यासमोर बुडवून काढतो. बाहेरचे पाणी शोषले गेल्यावर केसासारखा बारीक तडा तेवढा ओलसर, गडद रेघ होऊन उरतो. ही तपासणी गिऱ्हाइकाने न मागता करून देणारा दुकानदार माझ्या पाहण्यात दुसरा नाही, आणि माझी पसंती मुख्यतः त्यामुळेच आहे.

काळ्या चिलमींना इथे थोडे जास्त पैसे मागितले जातात. माती तीच असते; शेवटी आवा झाकून धूर कोंडला की मातीतले लोह लाल न होता काळपट राहते, शिवाय काजळीही मुरते. गुणात फरक पडत नसल्याने केवळ दिसण्यासाठी जास्त पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. फळीच्या टोकाला चकचकीत झिलईच्या आणि तैलरंगाने रंगवलेल्या चिलमीही आहेत, त्या मी घेणार नाही. कमी आचेवर वितळणाऱ्या झिलईत शिसे वापरण्याची जुनी पद्धत आहे, आणि ही झिलई कशाची, या प्रश्नाला दुकानात समाधानकारक उत्तर मिळाले नाही. तैलरंगावर विस्तव ठेवला तर काय हुंगावे लागेल, हे सांगण्याची गरज नाही. दिवाणखान्यात मांडायला त्या ठीक आहेत.

तक्रार आहे ती बुडाच्या मापाची. चाकावर मातीच्या एकाच उंच गोळ्यातून एकामागून एक चिलमी काढून दोऱ्याने कापल्या जातात, त्यामुळे थोडाफार फरक होणारच. पण इथे तो इतका असतो की एकाच फळीवरची एक चिलीम नैच्यावर डगमगते आणि दुसरी मुळीच चढत नाही. ओली चिंधी गुंडाळून फट बुजवता येते हे खरे, तरीही खरेदीला जाताना आपला नैचा सोबत न्यावा आणि चिलीम त्यावर बसवून, तोंड तळहाताने झाकून ओढून पाहावे. हवा येता कामा नये. बुडाचे छिद्र उजेडाकडे धरून स्वच्छ गोल आहे का, तेही बघावे, कारण आत वाळून राहिलेला मातीचा कण, तंबाखू खाली पडू नये म्हणून घशात ठेवायचा खडा नीट बसू देत नाही. खडा मात्र दुकानदार सोबत फुकट देतो, आणि निवडून देतो.

घरी आणलेली चिलीम काही तास पाण्यात ठेवून धूळ काढावी आणि सावलीत पूर्ण वाळू द्यावी. ओलसर चिलमीवर विस्तव ठेवणे हे ती फुटण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. छिद्रांतल्या पाण्याची वाफ होते, तिला तितक्या वेगाने बाहेर पडता येत नाही आणि भिंत तडकते. पहिल्यांदा रिकाम्या चिलमीत लहान निखारे ठेवून ती हळूहळू तापवावी. वापरानंतर गार पाण्याखाली धरू नये, आपोआप निवू द्यावी, आणि कोमट असतानाच चिकट थर लाकडी काडीने खरवडावा. साबण कधीच लावू नये, तो मातीत मुरतो आणि पुढच्या धुरात त्याचा वास येतो. फार काळी पडली तर चुलीतल्या निखाऱ्यांवर उपडी ठेवून सावकाश तापवली की साचलेला थर जळून जातो. तडा गेलेली चिलीम गोंदाने सांधू नये, टाकून द्यावी.

पाण्यातून आलेला धूर निरुपद्रवी असतो हा समज खोटा आहे, हे इथे सांगायलाच हवे. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड पाणी अडवत नाही, म्हणून बंद खोलीत हुक्का पेटवू नये, आणि चिलीम कितीही चांगली असली तरी तंबाखूचे अपाय कमी होत नाहीत.

साधी लाल चिलीम मला चाळीस रुपयांना मिळाली. पावसाळ्यात आवा लागत नाही, त्यामुळे तेव्हा फळीवर असलेला माल उन्हाळ्यातला आणि दमट हवा शोषलेला असतो. तो घेतलाच तर आधी चांगले ऊन द्यावे. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत चाक पणत्यांतच गुंतलेले असते आणि चिलमी मागितल्या तर उरलेसुरले नग पुढे केले जातात. निवडून घ्यायची असेल तर माघ ते ज्येष्ठ या दिवसांत, आणि शक्यतो आवा उघडल्यानंतरच्या सकाळी जावे. आवा कधी उघडणार, हे दुकानदार विचारल्यास सांगतो.