ओलं शेण की कुजलेलं खत: तण कशानं वाढतं?

मृग तोंडावर आला की मराठवाड्यात उकिरडे उपसायची घाई होते. वरचं ओलं शेण आणि तळाचं काळं खत एकाच ट्रॉलीत भरलं जातं. तणाच्या बाबतीत मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जनावर बांधावरचं गवत खातं, तेव्हा त्यातलं बरंच बी पोटातून जिवंतच बाहेर पडतं. शिवाय गव्हाणीतला उरलेला चारा, झाडलोट, उपटलेलं गाजरगवत, सगळं उकिरड्यावरच. काटेमाठाचं काळं, चकचकीत बी मोहरीहून बारीक असतं. ओल्या शेणात ते सहज लपतं आणि पहिल्या पावसात सोयाबीनच्या बरोबरीनं उगवतं.

कुजताना ढीग तापतो. आतली उष्णता ५५ ते ६० अंशांवर काही दिवस टिकली तर बहुतेक बी मरतं. पण ढिगाच्या कडा थंडच राहतात, म्हणून तीन-चार वेळा ढीग वरखाली करायचा, पाणी शिंपडायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात उकिरडा नुसता वाळतो, आणि वाळलेलं म्हणजे कुजलेलं नव्हे! चांगलं खत मुठीत भुसभुशीत लागतं, शेणाचा वास जाऊन त्याला मातीचा वास येतो.

कुजलेल्या खतानं रानातलं जुनं तण मात्र मरत नाही. हराळी, लव्हाळा तर त्या खतावर आणखी जोम धरतात, त्यामुळे कोळपणी-खुरपणी आहेच. तरी ओलं शेण मी पेरणीच्या रानात टाकणार नाही, ते पुढच्या ढिगात जाईल.