जुना मधल्या गिअरचा ट्रॅक्टर की नवा साइड गिअरचा? आधी मीटर अन् लिवर बघा

कापसाचे पैसे हातात आले की इकडे ट्रॅक्टरच्या गोष्टी सुरू होतात, अन् सगळे एचपी अन् डिझेलवरच अटकतात. मी दोन्ही हाकलले, घरचा ३५ एचपीचा जुना अन् भाच्याचा ४५ चा नवा, म्हणून हातापायाला जे जाणवलं तेच सांगतो.

गिअरचं सांगायचं तर जुन्याचा लिवर दोन्ही पायांच्या मधात, चढता-उतरता पॅन्ट त्यातच अडकते. साइडवाल्यात मोकळं. एवढंच, त्याच्यासाठी लाखभर जास्त कोणी देऊ नये.

खरा फरक क्लचचा. जुन्यात सिंगल क्लच, पाय दाबला की गाडीपण थांबते अन् पीटीओपण (मागचं अवजार फिरवणारा शाफ्ट), म्हणजे रोटावेटर मारता मारता गिअर बदलायचा तर रोटावेटर ढेकळातच थांबतं. अन् पऱ्हाटीचा भुगा करणारं श्रेडर जोडलं असलं तर अशा काही जुन्या गाड्यांत क्लच दाबूनही श्रेडरच्या झोकानं ट्रॅक्टर पुढं सरकतो, धुऱ्यावर वळताना छातीत धस्स होते. नव्यात ड्युअल क्लच आहे, अर्धा दाबला की चाकं थांबतात अन् पीटीओ चालूच राहते, पूर्ण दाबला की दोन्ही बंद. काम लय सोपं होते, पण नवा पोरगा अर्ध्या क्लचवर गाडी थांबली म्हणते, न्यूट्रल करून खाली उतरते अन् मागं शाफ्ट फिरतच असते. म्हणून पीटीओचा लिवर बंद केल्याशिवाय मागं जायचं नाही, गाडी कोणतीही असो.

ब्रेकमध्ये मी नव्याच्या बाजूनं. तेलातले ब्रेक नाल्यातून निघाल्यावरही धरतात, जुन्याचे सुके ब्रेक ओले झाले की दोन-चार वेळा दाबत बसा. उजव्या अन् डाव्या चाकाच्या ब्रेकचे दोन्ही पायडल जोडायची पट्टी मात्र दोन्हीत असते अन् दोन्हीकडं लोक विसरतात. वावरात वळायला ती काढली होती, तशीच कापसाची ट्रॉली घेऊन मी डांबरी रोडवर आलो, उतारावर उजवा ब्रेक दाबला अन् मुंडकं सरळ पुलाच्या कठड्याकडं. त्या दिवशी वाचलो.

मीटरचं म्हणाल तर नव्यात चकाचक डिजिटल, पण मे महिन्याच्या उन्हात काही दिसत नाही, मला काटाच बरा. आरपीएमच्या काट्यावर ५४० पीटीओची खूण असते, म्हणजे तिथं पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेते, हँड अ‍ॅक्सिलेटर तिथं लावून ठेवला की काम झालं. जुन्यात टेम्परेचरचा काटा बहुतेक मेलेलाच असते. आमचा काटा थंडवरच पडून राहायचा, आम्ही खुश, अन् थ्रेशरवर सोयाबीनच्या कुटारानं रेडिएटरची जाळी बुजली ते कळलंच नाही, इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट गेलं.

घरी चालवणारा एकच माणूस असला अन् ट्रॉली-वखराचंच काम असलं तर जुना घ्या, पण काटे अन् ब्रेकची पट्टी दुरुस्त केल्याशिवाय वावरात नेऊ नका. रोटावेटर, श्रेडर भाड्यानं चालवायचं, ड्रायव्हर बदलत राहणार, तर नवा ड्युअल क्लचवालाच.

अन् जुना बघायला गेले की मालकाला म्हणा, भाऊ, चालू नका करू, नुसती चावी फिरवा. ऑइलचा लाल दिवा लागला पाहिजे अन् इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. चावीवर लागलाच नाही तर बल्ब काढलेला आहे का ते विचारा, अन् भाव त्याच्यानंतर बोला.